अजून एक आटा

फक्रुद्दीनचाचांच्या हातांत काही दोष नव्हता. हे मला चौथ्या दिवशी कळलं आणि त्यांना मी ते आठ महिन्यांनी सांगितलं. मधले आठ महिने मी रोज त्यांच्या दुकानावरून शाळेत जात होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी स्वतःची कितीही बाजू घेतली तरी तुम्ही फसणार नाही.

मी पंकजा. पारनेरात एका शाळेत खेळ शिकवते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. आई म्हणायची, "ह्या पोरीच्या तोंडाला कडी न्हाई." कॉलेजपासून सायकल स्पर्धांत उतरते, आणि चौतिसाव्या वर्षी माझ्या वाट्याला एक जुनी माउंटन बाईक आली. पुण्याच्या एका मुलीनं वापरून काढलेली, पण फ्रेम अजून टणक. तिची देखभाल अर्थातच चाचांकडं.

चाचांचं दुकान बाजारतळाच्या भिंतीला टेकून. चार पत्रे, वर कडुलिंब, पुढं हवा भरायचा पंप. पाटीवर लिहिलेलं: 'पंक्चर, ओव्हरऑइल व गिअर सायकल रिपेअर'. 'ओव्हरऑइल'चं 'ओव्हरहॉल' करा असं मी दहादा सांगितलं. ते म्हणायचे, "अगं, तेलच तर टाकतो, चूक काय त्यात?" तरुणपणी राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात ते फिटर होते. तिथून निघताना काम शिकवणाऱ्या उस्तादनं त्यांना स्वतःचं व्हर्निअर दिलं होतं. केसाएवढा फरक दाखवणारं जाडी मोजायचं हत्यार. बाकी सगळे पाने ग्रीसमध्ये लोळत असायचे, पण व्हर्निअर मफलरच्या तुकड्यात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात. ते बाहेर काढायचं तर चाचा आधी हात साबणानं धुवायचे.

त्यांच्या दोन सवयी अख्ख्या पारनेरला ठाऊक. एक, काम संपलं तरी 'झालं' म्हणायचे नाहीत. आधी स्वतः टांग टाकून स्टँडपर्यंत चक्कर मारून येणार, मग म्हणणार, "घेऊन जा." आणि दुसरी, माप एकदाच घ्यायचं. "दोनदा मोजतो त्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नसतो," असं ते म्हणायचे. मला त्यांच्या या दुसऱ्या सवयीची चेष्टा करायला फार आवडायचं.

तर आता सीटच्या दांड्याची गोष्ट. राळेगणच्या बाजूच्या टेकड्यांवर पाणी अडवायला आडवे चर खणलेले आहेत. पाण्याला चांगले, सायकलवाल्याला वैरी. उतारावर जोरात आलं की दर वीस पावलांवर एक चर. चरात चाक शिरताना अंग मागं आणि खाली न्यावं लागतं, आणि तिथं उंच सीट ढुंगणाला धक्का देऊन माणसाला पुढं फेकते. माझा अर्धा दात त्यातच गेला. सीट खाली करून ठेवावी तर चढाला गुडघे भरून येतात. उतरून दर वेळी खाली-वर करत बसले तर बाकीच्या पोरी घरी जाऊन जेवतील.

याला एक उपाय असतो, ड्रॉपर, म्हणजे आपोआप खाली-वर होणारा सीटचा दांडा. हँडलवरचं बटन दाबून सीटवर बसलं की सीट खाली जाते, अंग उचलून बटन दाबलं की आपोआप वर येते. मी चाचांना हे सांगितलं तेव्हा ते चाकाचा आउट काढत होते, म्हणजे डगमगणारं चाक तारा आवळून सरळ करत होते. मान वर न करता म्हणाले, "मग सलूनवाल्याची खुर्चीच बसव की!"

"चाचा, मी मस्करी नाही करत. विभागाच्या संघाची निवड आहे. पहिल्या पाचात यायचंय. पुढच्या वर्षी नव्या पोरी येतील, मला कोण विचारतंय?"

तेव्हा त्यांनी चाक खाली ठेवलं. "आण सायकल," म्हणाले.

तीन आठवडे आमचं दांडा निवडणं चाललं होतं. मुलगी बघायला जातात तसे आम्ही मोबाईलवर दांडे बघत होतो. चाचा चष्मा कपाळावर ढकलून एकेक फोटो बोटांनी मोठा करायचे. "ह्याच्या बटनाची तार बाहेरून जाती. ह्याची आतून. तुझ्या फ्रेमला खाली भोक न्हाई, म्हणजे आतूनवाली बाद." एवढं झाल्यावर प्रश्न आला जाडीचा. पुण्याच्या दुकानदारानं फोनवर ठासून सांगितलं की या मॉडेलला एकतीस पॉइंट सहा मिलिमीटरचाच लागतो. चाचांनी हात धुतले, व्हर्निअर काढलं, नळीच्या तोंडात धरलं, वाचलं. "तीस पॉइंट नऊ."

"परत एकदा बघा ना. तो कंपनीचा माणूस आहे."

"तो तिकडं हाय. सायकल हितं हाय." व्हर्निअर परत मफलरमध्ये गेलं. मला राग आला होता, पण तीस पॉइंट नऊच निघालं. ते नंतर कळलं.

मग उंची. मला दीडशे मिलिमीटर खाली जाणारा हवा होता, कारण पुण्याच्या पोरींकडं तोच असतो. चाचांनी चाकाची एक जुनी तार घेतली, तिला लाल दोरा बांधला आणि सीटच्या नळीत सोडली. ती जिथं अडली तिथं दोरा सरकवला. आतमध्ये पाण्याच्या बाटलीच्या स्क्रूचा नट होता, त्याच्या खाली दांडा जाऊच शकत नव्हता. मग मला स्पर्धेचे बूट घालून भिंतीला धरून सायकलवर बसवलं, टाच पेडलवर ठेवायला लावली. शेजारी भाजी विकायला बसणारी दगडाबाई मेथीच्या जुड्या सोडून बघत राहिली. "आगं, शिवनकाम चाललंय का सायकल?" ती म्हणाली.

"दीडशेवाला घेतलास तर सीट कायम दीड बोट उंच राहील," चाचा म्हणाले. "शंभरवाला घेतलास तर चरात परत दात पाडशील. सव्वाशे. बास." आणि मी भांडले. अर्धा तास भांडले. पुण्याच्या पोरी, टीव्हीवरचे लोक, सगळ्यांचे दाखले दिले. चाचा तारेवरच्या लाल दोऱ्याकडं बोट दाखवत राहिले. शेवटी सव्वाशेच मागवला, आणि बसवल्यावर असा बसला की मी बाजारतळाला सात चकरा मारल्या. बटन दाब, सीट खाली. बटन दाब, सीट वर. दगडाबाईचं हसणं थांबेना.

द्यायच्या आधी चाचांनी मला जवळ बोलावलं. फ्रेमवर दांडा पकडणाऱ्या क्लॅम्पला एकच बोल्ट होता, तो त्यांनी दोन बोटांनीच आवळलेला होता. "हे बघ. हा एवढाच. ह्याच्या आत दुसरी नळी सरकती. आवळलीस तर तिचा गळा दाबशील. सीट जरा हलली तरी चालंल, पर ह्याला हात न्हाई लावायचा."

"हो हो," मी म्हटलं. लक्ष होतं सीटकडं.

आता माझ्या घराण्याचं सांगते. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील मच्छिंद्र, त्यांनी उभं आयुष्य ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामं केली. ट्रॉलीचा नट सुटला तर ऊस रस्त्यावर, म्हणून अण्णा कुठलाही नट आवळून झाला की पान्याला पाइप लावून म्हणणार, "आजून एक आटा." घरातली गॅसची शेगडी, नळ, लोणच्याच्या बरणीचं झाकण, सगळ्याला अजून एक आटा. आईला बरणी उघडायला शेजाऱ्यांना बोलवावं लागायचं. मी त्यांचीच पोर.

निवड स्पर्धेच्या सकाळी टेम्पोतून सायकल उतरवताना सीट कशाला तरी अडकली आणि जराशी तिरकी झाली. मी सरळ केली. अण्णा बरोबर आले होते, बघून म्हणाले, "ढिलंय ते. वाटंत फिरलं म्हंजे?" त्यांनी एलन की, म्हणजे त्या बोल्टची सहाकोनी किल्ली दिली, तिच्यावर पाइपचा तुकडाही दिला. आवळलं मी. अण्णा म्हणाले, "आजून एक आटा," आणि मी दिला. हे मी पुढं कैक वेळा मनात अण्णांच्या डोक्यावर मारलं. पण पाइप त्यांनी दिला असला तरी हात माझा होता.

पहिला चढ मी तिसरी आले. उतारावर बटन दाबलं, सीट खाली गेली, चर मी असे ओलांडले की वाटलं चाचांच्या पाया पडावं. खाली आले, बटन दाबलं. सीट वर येईना. पुन्हा दाबलं. हातानं ओढली. येईना. पुढचा चढ मी लहान पोरांच्या सायकलवर बसल्यासारखी गुडघे छातीला लावून चढले. एक गेली, दोन गेल्या. मी नववी आले.

तिथून टेम्पोत बसले ती सरळ बाजारतळावर. बाजाराचा दिवस, माणसाला माणूस खेटत होतं. हेल्मेट अजून डोक्यावरच. मी सायकल दुकानापुढं आपटली.

"काय बसवलंत हे? नववी आले मी, नववी! येत नाही तर सांगायचं होतं येत नाही म्हणून! पंक्चर काढणाऱ्यानं पंक्चरच काढावं, कशाला मोठेपणा करायचा?"

गर्दी थांबली. चाचा उठले. हात पुढं केला आणि म्हणाले, "दाखव तर बेटा."

"हात लावू नका!" मी ओरडले. "हात लावू नका माझ्या सायकलीला! हात चालत नाहीत आता तुमचे!"

त्यांनी हात मागं घेतला आणि खिशात घातला. मी सायकल घेऊन निघाले. मागं वळून बघितलं नाही, मोठी शूर ना मी!

चौथ्या दिवशी घराच्या ओट्यावर बसून मी तो दांडा काढायला घेतला. परत पाठवून कंपनीला चार शब्द सुनवायचे होते. एलन की लावली. बोल्ट हलेना, पाइप लावावा लागला. अर्धा आटा सुटला आणि सीट फस्सकन वर आली, माझ्या हनुवटीला लागली. मी बटन दाबलं. खाली. दाबलं. वर. पन्नास वेळा केलं असेल. एकदासुद्धा अडकली नाही. "तिचा गळा दाबशील," चाचांनी सांगितलं होतं. अक्षरशः हेच शब्द.

त्याच क्षणी उठून जायला हवं होतं. पाच मिनिटांचा रस्ता. मी हनुवटीला हळद लावली आणि उद्या जाऊ म्हटलं. उद्या शाळेत तपासणी होती. परवा काहीतरी निघालं. आठवडा गेला की माणूस म्हणतं आता इतक्या दिवसांनी कसं सांगायचं, आणि महिना गेला की म्हणतं ते विसरलेसुद्धा असतील. खोटं बोलायला तोंड लागतं असं थोडंच आहे? मी तर गप्प राहूनच बोलले.

ते विसरले नव्हते. पंधरा दिवसांत पाटीवरच्या 'व गिअर सायकल रिपेअर' या शब्दांवर चुना फिरलेला दिसला. गिअरची सायकल कुणी आणली की चाचा म्हणायचे, "नगरला न्या." मी मात्र त्यांच्याकडं पूर्वीपेक्षा जास्त जायला लागले. शाळेतल्या पोरांच्या पंक्चर सायकली गोळा करून न्यायचे. रानातल्या शेवग्याच्या शेंगा द्यायचे. ईदला त्यांच्या घरी मीच पहिली. चाचा बोलायचे, चहा पाजायचे, त्या दिवसाचा विषय चुकूनही काढायचे नाहीत. दगडाबाई एकदा म्हणालीसुद्धा, "पंकजे, आजकाल लई चकरा वाढल्यात गं तुझ्या." मी म्हटलं, "रस्त्यातच पडतं ना दुकान."

ईदच्याच दिवशी मेहताबचाचीनं मला शिरखुर्म्याची वाटी देताना हळूच सांगितलं, "ह्यांचं काय बिनसलंय कळंना. चहाचा कप दोनी हातानं धरत्यात. मधीच हात सरळ धरून बघत बसत्यात, कापतोय का म्हनून. कापत न्हाई गं, मी बघते ना. पर ऐकतील तर शप्पथ." मी ती वाटी संपवली. एवढं ऐकून मला शिरखुर्मा गिळता आला, याची मला अजून लाज वाटते.

मग शाळेला कुणा माजी विद्यार्थ्यानं गिअरच्या बारा सायकली दिल्या. देखभालीला माणूस हवा होता. मी हेडसरांना चाचांचं नाव सुचवलं. वाटलं, काम मिळालं की सगळं आपोआप सरळ होईल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. धूर्तपणाच तो. चाचांनी ऐकून घेतलं, बिस्किटाचा डबा काढला आणि व्हर्निअर मफलरसकट माझ्या हातात ठेवलं.

"हे तुझ्याकडं ठेव. पोरं शिकतील. माझे हात गेले बेटा. तुझी सायकल बसवली तवाच गेलेले हुते, मला कळलं न्हाई. तुझी निवड माझ्यामुळं गेली. तू ओरडलीस ते बरंच झालं, न्हाईतर कुनाचा तरी जीव गेला असता."

आणि मी ते व्हर्निअर घेतलं. घेतलं आणि घरी आले! ते पुढ्यात ठेवून जेवायला बसले आणि ताट तसंच सरकवलं. अण्णांनी विचारलं काय झालं, तर त्यांच्यावर खेकसले. ते बिचारे नळ आवळत बसले होते.

दुसरा दिवस बाजाराचा. मी शाळेत न जाता दुकानात गेले. चाचा ट्यूबला ठिगळ लावत होते. मी त्यांच्याजवळ खाली बसले, व्हर्निअर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि अगदी हळू, शेजारच्या दगडाबाईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सगळं सांगितलं. तिरकी सीट, पाइप, एक आटा. ओटा, हनुवटी.

चाचांनी ठिगळावरचा अंगठा काढला नाही. "पाइप लावून?"

"हो."

"कळलं कधी?"

"चौथ्या दिवशी."

"चौथ्या दिवशी." त्यांनी ठिगळ आणखी दाबून धरलं. "चौथ्या दिवशी मी नगरला गेल्तो. डाक्टरला हात दाखवायला. तो म्हनला काही न्हाई, हात चांगलेत. मी म्हनलं, ह्याला काय कळतंय."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "चाचा, माफ करा, मी..."

"थांब." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत ते माझ्यावर चिडलेले मी पाहिले नव्हते. "त्या दिवशी किती मोठ्यानं बोलली हुतीस?"

मी बाजाराकडं बघितलं.

"तेवढ्या मोठ्यानं बोल."

बाजार भरलेला. कांदे, बांगड्या, भजी, सगळीकडं माणसं. मी उठून उभी राहिले. ज्याला कडी नाही म्हणतात ते माझं तोंड, त्यातून आवाज निघेना. चाचा वाट बघत होते. शेवटी मी ओरडले, "चाचांची चूक नव्हती! सीटचा दांडा मी बिघडवला! बोल्ट मी आवळला होता! चाचांनी बरोबर बसवला होता!"

चार-दोन माणसं वळली. कांदेवाल्यानं विचारलं, "कसला दांडा?" एक बाई म्हणाली, "काय झालं ओ हिला?" दगडाबाई मेथीवर पाणी शिंपडत म्हणाली, "आगं, कोन कुनाला काय म्हनलं हुतं? कवाचं बोलतीस?"

कुणाच्याही लक्षात नव्हतं. त्या दिवशीच्या सगळ्या गर्दीत, आठ महिने, ते फक्त एकाच माणसाच्या लक्षात होतं. चाचांनीही दगडाबाईचं ते ऐकलं. त्यांनी ट्यूब बाजूला ठेवली, साबण घेतला आणि हात धुवायला उठले.

शाळेच्या बारा सायकली आता त्यांच्याकडंच असतात. पाटीवरचा चुना त्यांनी स्वतः खरवडला. मी परत स्पर्धेला उतरले नाही, तो विषय वेगळा. माझी सायकल त्यांनीच उघडली, नळी पुसली, दांडा बसवला, बोल्ट दोन बोटांनी आवळला. चक्कर मारून आले आणि म्हणाले, "घेऊन जा." अण्णांचा पाइप मी त्याच दिवशी भंगारात घातला.

फक्त एक बदल राहिला. चाचा अजून हात धुऊन व्हर्निअर काढतात, नळीच्या तोंडात धरतात, वाचतात. पण मग ते तसंच धरून माझ्यापुढं करतात. मी नसेन तर दगडाबाईपुढंसुद्धा करतात, जिला आकडेच कळत नाहीत.

"वाच बरं," म्हणतात. "मला तीस पॉइंट नऊ दिसतंय. तुला किती?"

मी वाकून वाचते. दर वेळी त्यांचंच बरोबर असतं. दर वेळी मी तसं मोठ्यानं सांगते, आणि पुढच्या वेळी ते पुन्हा विचारतात.